जमा केलेला परवाना

जीवराम हवालदार माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसायचे. पाठ ताठ, वही उघडी, पेनाचं टोपण मागे नीट लावलेलं. मी फळ्यावर तीन चौकोन काढून "हा क्लच, हा ब्रेक, हा अ‍ॅक्सिलरेटर" असं सांगितलं की ते तिन्ही चौकोन पट्टीने आखून वहीत उतरवून घ्यायचे. मागच्या बाकांवर खसखस पिकायची. त्रेचाळीस वर्षांचा, उन्हाने रापलेला, मिशा राखलेला गडी क्लचचं चित्र काढतोय म्हटल्यावर हसू येणारच. मलाही आलं होतं. आज ते हसू आठवलं की माझे कान गरम होतात.

जळगावातलं हे मोटार ड्रायव्हिंग स्कूल माझ्या वडिलांनी काढलं आणि गेली तेवीस वर्षं मी चालवते. दोन कार, एक जुना टाटा ट्रक आणि माझी जीभ एवढं भांडवल. ज्योत्स्ना मॅडमच्या शेजारी बसून गाडी शिकलेला माणूस पुढे आयुष्यात कुणालाच घाबरत नाही, असं लोक म्हणतात. तोंडावर म्हणत नाहीत, पण माझ्या कानावर येतं आणि खोटं सांगायचं तर मला त्याचं वाईट वाटतं.

हवालदार एरंडोलजवळच्या खेड्यातले. पहिल्या एसटीने यायचे आणि सातच्या वर्गाला पावणेसातला दारात उभे असायचे. होळी होऊन दोन आठवडे झाले होते तेव्हा ते नाव नोंदवायला आले. मी फॉर्म पुढे ओढला आणि रोज वीस जणांना विचारते तेच विचारलं.

"आधी लायसन्स होतं?"

त्यांनी क्षणभर विचार केला. "आज माझ्याजवळ नाही, मॅडम."

मी 'नाही' या शब्दापुढे बरोबरची खूण केली आणि पुढच्या माणसाला हाक मारली. नियमाप्रमाणे नव्या माणसाला आधी हलक्या गाडीचा परवाना मिळतो, तो एक वर्ष जुना झाला की मग जड गाडीचं बघायचं. मी हवालदारांचा हलक्या गाडीच्या शिकाऊ परवान्याचा अर्ज भरून टाकला. ते फौजेतून आलेत हे त्यांच्या बुटांच्या पॉलिशवरूनही दिसत होतं. पण फौजेत स्वयंपाकी असतात, न्हावी असतात, बॅण्डवाले असतात. हे कोण होते, ते मी विचारलं नाही आणि न विचारलेलं सांगायची हवालदारांना सवय नव्हती.

त्यांचं काय पणाला लागलं होतं, ते मला मागाहून कळलं. तुम्हाला आत्ताच सांगते. त्यांच्या बायकोचं, सुनंदाबाईंचं माहेर रावेर तालुक्यातलं. तिथल्या शेतकऱ्यांनी गट करून केळी थेट न्हावाशेवा बंदरावर पाठवायला केळी गार ठेवणारी मोठी कंटेनर गाडी घेतली होती. गाडी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला येणार होती. ड्रायव्हर म्हणून हवालदारांचं नाव पक्कं होतं, फक्त जड गाडीचा परवाना हातात हवा होता. गटाचे अध्यक्ष कौतिक आबा सुनंदाबाईंचे सख्खे चुलते. त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं की, जावई म्हणून यायचं तर पंगतीला या, गाडीवर बसायचं तर परवाना घेऊन या. आखाजीपर्यंत परवाना आला नाही, तर दुसरा ड्रायव्हर बघून ठेवला होता. तसं झालं तर हवालदारांपुढे एकच वाट उरत होती. पुण्यातल्या एका बँकेच्या दारात सिक्युरिटी गार्ड म्हणून उभं राहायचं. ती नोकरी एजन्सीने देऊ केली होती. निळा गणवेश स्वतःच्या खर्चाने शिवून घ्यायचा असतो, तोही शिवून घरी आला होता. चोवीस वर्षं घराबाहेर काढलेला माणूस पुन्हा घराबाहेर जाणार होता, आणि तेही उभं राहायला.

वर्गाचे दहा दिवस संपले आणि मी हवालदारांना पहिल्यांदा गाडीवर घेतलं. माझी कार स्कूलच्या बोळात उभी असते. एका बाजूला उघडी गटार, दुसऱ्या बाजूला रसवंतीच्या खुर्च्या. मी डावीकडे बसून पट्टा लावला आणि वाट बघू लागले. हवालदार काही आत येईनात. ते गाडीभोवती फिरत होते. चाक दाबून बघितलं, खाली वाकून जमीन बघितली, बॉनेट उघडून तेल बघितलं, पाणी बघितलं, फॅनचा पट्टा बोटाने दाबून बघितला. मी हॉर्न वाजवला. मी हॉर्नही तपासतेय असं समजून ते म्हणाले, "हॉर्न ठीक."

मग आत बसले, आरसे लावले आणि मी "हळूहळू क्लच सोडा" असं म्हणायच्या आत गाडी उलटी निघाली. मीसुद्धा त्या बोळातून दोनदा पुढे-मागे करून निघते. हवालदारांनी एका दमात, गटार आणि खुर्च्या यांच्या बरोबर मधून, गाडी रस्त्यावर आणून उभी केली. रसवंतीवाल्याच्या हातातलं उसाचं कांडं तसंच राहिलं.

"गाडी बंद करा," मी म्हटलं. "कुठं शिकलात?"

"फौजेत, मॅडम. सर्व्हिस ड्रायव्हर. चोवीस वर्षं."

"काय चालवत होता?"

"जीप, स्टॅलियन ट्रक. शेवटची नऊ वर्षं टाट्रा. लेह, सियाचीनचा खालचा तळ, मग सिक्कीम."

"अहो, मग मला सांगितलं का नाही?"

"विचारलं नाही, मॅडम."

"लायसन्स होतं का विचारलं होतं की मी!"

"लायसन्स फौजेचं होतं, मॅडम. सरकारी गाडीपुरतं. घरी यायच्या दिवशी बूट, बिस्तरा, लायसन्स सगळं जमा केलं. जमा केलेली वस्तू आपली नसते. म्हणून आज माझ्याजवळ नाही, असं बोललो."

मी कपाळावर हात मारून घेतला. कुठलाही दुसरा माणूस दहा वेळा म्हणाला असता, मॅडम, मी पहाडात ट्रक चालवलाय, मला काय क्लच शिकवता. या माणसाने दहा दिवस पट्टीने चौकोन आखले. का, तर मॅडमने हे आधी म्हटलं, म्हणजे क्रम असाच असणार. त्याच बैठकीत मी आखाजी, कंटेनर आणि पुण्याची नोकरी, सगळं एकेक प्रश्न विचारून काढून घेतलं. विहिरीतून घागर काढावी तसं. आखाजीला चोवीस दिवस होते आणि माझ्या एका खुणेने त्यांच्यापुढे एक वर्ष येऊन बसलं होतं.

त्या दिवशी मी चिडले ती पहिल्यांदा माझ्यावरच. सैन्यातल्या ड्रायव्हरला नव्या माणसासारखं वर्षभर थांबावं लागू नये, त्याची सेवा धरली जावी, अशी सोय आहे हे मला माहीत होतं. वडिलांनी दोघा-तिघांची अशी कामं केलेली मी पाहिली होती. त्यासाठी युनिटचा दाखला लागतो. या माणसाने इतकी वर्षं अमुक अमुक गाडी चालवली, परवाना होता आणि तो जमा केला, एवढं लिहून साहेबाची सही. मी शिकाऊ परवान्याचा अर्ज रद्द करायला टाकला आणि हवालदारांना म्हटलं, "युनिटला फोन लावा."

"नको, मॅडम."

"का नको?"

"रिटायर माणसाने युनिटला आपल्या कामाचा त्रास देऊ नये. त्यांना बाकी कामं आहेत."

"या स्कूलमध्ये सीनियर कोण?"

"तुम्ही, मॅडम."

"मग ऑर्डर आहे. लावा फोन."

त्यांनी उभं राहून फोन लावला. पलीकडचा क्लार्क इतका खूश झाला की मला इकडे ऐकू येत होतं. "उस्ताद, आप! बोलो, क्या चाहिए!" हवालदारांनी दीड वाक्यात काम सांगितलं आणि त्याच्या आईच्या गुडघ्याची चौकशी मात्र पाच मिनिटं केली. सहाव्या दिवशी दाखला टपालाने आला. शिक्का, सही, सगळं कडक.

तो घेऊन आम्ही आरटीओत गेलो. खिडकीतल्या बाईंनी दाखला दोनदा वाचला. त्यात लिहिलं होतं की हवालदार जीवराम यांनी जीप, स्टॅलियन आणि टाट्रा ही वाहनं विनाअपघात चालवली. बाई म्हणाल्या, "मॅडम, माझ्या संगणकात टाट्रा नावाचा वर्ग नाही. हलकं वाहन आहे, जड आहे, मालवाहू आहे, प्रवासी आहे. हे यातलं काय आहे ते कुठंच लिहिलेलं नाही."

मी भांडायला तोंड उघडलं आणि मिटलं. बाईंचं बरोबर होतं. फौजेत टाट्रा म्हटलं की सगळ्यांना कळतं, म्हणून फौजेच्या क्लार्कने टाट्रा लिहिलं. वजन किती, चाकं किती, हे तिकडे कुणी कुणाला सांगत नाही. हवालदारांनी दाखला घडी घालून पाकिटात ठेवला.

"आता काय करायचं, मॅडम?"

"आता मी लिहून देते, तसंच्या तसं टाइप करून सही आणायची."

त्या दुपारी उन्हाचा पारा चव्वेचाळीसवर होता आणि माझ्या कूलरमधलं पाणी संपलं होतं. मी फौजेच्या एकेका गाडीपुढे नियमातला वर्ग लिहिला. जड मालवाहू वाहन. एकूण वजन इतकं. आठ चाकं. हवालदार वजनं तोंडपाठ सांगत होते. मी एका ठिकाणी अंदाजाने आकडा टाकला, तर त्यांनी तो खोडायला लावला. मसुदा फोनवरून गेला. पुढे मात्र खरी परीक्षा सुरू झाली, कारण सही करणारे युनिटचे साहेब दौऱ्यावर होते. एक आठवडा गेला. दुसराही सरत आला. मी टपालवाल्याला इतकं छळलं की तो माझं दार आल्यावर सायकलवरूनच हात हलवून 'नाही' म्हणायला लागला. कौतिक आबांचाही फोन येऊन गेला. त्यांनी फक्त दुसऱ्या ड्रायव्हरचं गाव सांगितलं आणि फोन ठेवला.

हवालदार रोज येत होते. शिकायचं काही उरलं नव्हतं, तरी यायचे, माझ्या दोन्ही कारची सकाळची तपासणी करायचे. फौजेत याला फर्स्ट परेड म्हणतात. गाडी हलायच्या आधी गाडीची हजेरी. मी विचारलं, "तुम्हाला धास्ती नाही वाटत?" ते म्हणाले, "रस्ता बंद असला तर गाडी तयार ठेवायची, मॅडम. बर्फ काढणारे काढतात." मला एवढा धीर नव्हता. सुनंदाबाईंचा फोन आला तेव्हा मी त्यांच्यापाशी रडकुंडीला आले. त्या उलट मलाच म्हणाल्या, "ताई, तुमी जीवले लाई घेऊ नका. यासनं बठ्ठं ठरेल शे." यांचं म्हणे सगळं ठरलेलंच होतं.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी टपालवाल्याने सायकल थांबवली. मी पाकीट रस्त्यातच फोडलं. एकेक शब्द जसाच्या तसा होता.

दुपारी दीडला आम्ही आरटीओतल्या इन्स्पेक्टर साहेबांपुढे उभे होतो. शांत, बारीक नजरेचा माणूस. कागद वाचून म्हणाले, "कागद बरोबर आहे. मंजूर करायला माझी हरकत नाही. पण उद्या हा माणूस वीस-पंचवीस टनांची गाडी घाटातून नेणार. मला एकदा डोळ्यांनी बघायचंय. ट्रक आहे का?"

"आहे," मी म्हटलं. माझा ट्रक बाहेर झाडाखालीच होता. तीन जणांची चाचणी सकाळी त्यावर झाली होती.

हवालदार ट्रकपाशी गेले आणि त्यांची फर्स्ट परेड सुरू झाली. साहेब घड्याळ बघू लागले. मी ट्रकच्या बाजूने त्यांच्या मागे मागे फिरत "लवकर, लवकर" असं पुटपुटत होते. त्यांनी तेलाची पट्टी काढली आणि पिशवीतून एक निळं फडकं काढून पुसली. मग ट्रकखाली शिरले. मला तिथून फक्त बूट दिसत होते. थोड्या वेळाने बाहेर आले, गुडघे झाडले आणि माझ्याऐवजी साहेबांकडे बघून म्हणाले, "सर, मागच्या ब्रेकचा हवेचा पाइप चिरलाय. ही गाडी मी चालवणार नाही."

 मी त्यांना बाजूला ओढलं. "हवालदार, सकाळी तिघांनी चालवली ती! दोनशे मीटर तर जायचंय. उद्या आखाजी आहे. आज नाही झालं तर पुणं आहे, कळतंय का?"

"कळतंय, मॅडम. पण त्या दोनशे मीटरवर माणसं उभी आहेत."

तिकडे खरंच रांग होती. चाचणीला आलेले लोक, त्यांची लेकरं, सरबतवाला. मला एवढी लाज आयुष्यात वाटली नव्हती. गाडी माझी, पाइप माझा, आणि तेवीस वर्षांत मी त्या ट्रकखाली किती वेळा वाकले, ते न सांगितलेलंच बरं. साहेबांनी सगळं ऐकलं होतं. ते एवढंच म्हणाले, "मी पाचला ऑफिसातून उठतो."

पुढचे दोन तास मी कधी विसरणार नाही. मी स्कूटरवरून अजिंठा चौफुलीला जाऊन पाइप घेऊन आले. दुकानदाराने दुसराच दिला म्हणून परत गेले आणि त्याला असं काही बोलले की शेजारचे दुकानदारही बाहेर आले. इकडे हवालदारांनी जुना पाइप काढून ठेवला होता. नवा बसवला, हवा भरू दिली, जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडा येतो का ते बघितलं. मग पुन्हा बघितलं. मी म्हटलं, "झालं ना?" ते म्हणाले, "अजून एकदा, मॅडम." हात पुसायला त्यांनी तेच निळं फडकं घेतलं आणि या वेळी मला त्यावरची खांद्याची पट्टी दिसली. पट्टीवर एजन्सीचं नाव अर्धं फाटलेलं होतं.

ते फडकं नव्हतंच. तो पुण्याच्या नोकरीचा सदरा होता.

 परवाना हातात नाही, घड्याळात चार वीस झालेत, आणि या माणसाने परतीचा रस्ता फाडून तेलाला लावलाय.

साडेचारला साहेब स्वतः त्यांच्या शेजारी चढून बसले. ट्रक निघाला. वळण घेतलं, चढावर थांबला, पुन्हा निघाला तेव्हा बोटभरही मागे सरकला नाही. शेवटी अरुंद खांबांमधून उलटा आत गेला आणि थांबला. खांब हलला नाही. रांगेतली माणसं टाळ्या वाजवू लागली. साहेब खाली उतरले, आधी माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, तुमच्या ट्रकचं पासिंग मी पुढच्या आठवड्यात स्वतः करणार." मग हवालदारांकडे वळले. "चाचणी तुम्ही चालवायला नकार दिलात तेव्हाच झाली होती. बाकीचं मी हौस म्हणून बघितलं."

पाचला दहा मिनिटं असताना मंजुरी झाली. कार्ड टपालाने येणार होतं, पण फोनवर परवाना दिसू लागला. जड वाहन. मी तो तीनदा मोठा करून बघितला. हवालदारांनी एकदाच बघितला, फोन खिशात ठेवला आणि विचारलं, "मॅडम, ट्रक स्कूलवर नेऊन ठेवू?"

दुसऱ्या दिवशी मी आखाजीला रावेरकडच्या त्या गावी गेले. बोलावणं सुनंदाबाईंचं होतं. लिंबाला झोके बांधले होते, माहेरवाशिणी गाणी म्हणत होत्या, पुरणपोळीचा वास गल्लीभर होता. मारुतीच्या पारासमोर पांढरी शुभ्र कंटेनर गाडी हार घालून उभी होती. कौतिक आबांनी सगळ्यांसमोर परवाना मागितला, चष्मा लावून फोनवर बारकाईने वाचला आणि मगच किल्ली दिली. नारळ घेतलेला गुरव पुढे झाला. पण ड्रायव्हर कुठे होता? ड्रायव्हर गाडीखाली होता. गुरव, आबा, अर्धं गाव हार-नारळ घेऊन उन्हात उभं, आणि हवालदार एकेका चाकापाशी वाकत निघाले होते. आबा चिडले, मग हसले, मग पारावर बसून राहिले. मला फार बरं वाटलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते मी लपवलं नाही.

हवालदार शेवटी वर चढले आणि समोरची काच पुसू लागले. तेच निळं फडकं, आता धुऊन स्वच्छ केलेलं. सुनंदाबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. पोरीबाळींनी त्यांना झोक्यावर बोलावलं होतं, तरी त्या गेल्या नव्हत्या.

मी म्हटलं, "वहिनी, काल तो सदरा बघून माझा जीव गेला होता. परवाना यायच्या आत कसा हो फाडला? दाखला आला त्या दिवशी का?"

"नही ना ताई. दाखलाना आगोदरच."

"मग कधी?"

त्या नवऱ्याकडे बघत हसल्या. "तुमनाकडे नाव टाकं ना, त्याच रोज. घर उनात आनि कातर मांगी. माले सांगं, बटनं काढी ठेव, काचले चरा पडी जाई."

त्याच दिवशी मी त्यांच्या फॉर्मवर 'नाही' पुढे खूण केली होती.